आपला फोटो, व्हिडिओ, लेख कुणी ढापला तर? आधी कागद, मग भांडण

तीन वर्षं झाली असतील, मिरजेत एका लग्नाचं शूट केलं होतं. दोन महिन्यांनी गाडीवरून जाताना सिग्नलला थांबलो आणि वर बघतो तर फ्लेक्सवर माझाच फोटो. नवरा-नवरी अक्षता झेलतायत, मागं झेंडूचा मंडप आणि खाली मंडप डेकोरेशनवाल्याचा मोबाईल नंबर. ना विचारणं ना सांगणं. डोकंच फिरलं, घरी येऊन वकील मित्राला फोन लावला, म्हटलं याच्यावर केस ठोकायची.

"फोटो कुणाचे?" तो म्हणाला.

"माझे. मीच काढलेत."

"पैसे कुणी दिले?"

"नवरीच्या वडिलांनी."

"मग फोटो त्यांचे. तू कशाला भांडतोस?"

मला वाटलं चेष्टा करतोय, पण नाही. कॉपीराइट ॲक्ट १९५७, कलम १७. कुणी पैसे देऊन फोटो किंवा व्हिडिओ काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर पहिला मालक पैसे देणारा, बटण दाबणारा नव्हे. बारा वर्षं या धंद्यात होतो आणि हे माहीत नव्हतं. त्यानंतर वाचत, लोकांना विचारत आणि दोनचार वेळा स्वतःच तोंडावर आपटत जे कळलं ते खाली लिहितोय. मी वकील नाही, लाखांचा मामला असेल तर वकील गाठाच, पण वकिलाकडे जायच्या आधीचं बरंचसं काम आपलं आपल्याला करता येतं आणि बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं.

ते खरंच तुमचं आहे का, हे आधी बघा

चांगली बातमी ही की कॉपीराइट मिळवायला काही करावं लागत नाही. तुम्ही लिहिलं, काढलं, रेकॉर्ड केलं की त्या क्षणी हक्क तयार. नोंदणी सक्तीची नाही, कोपऱ्यात गोलातला सी टाकणंही सक्तीचं नाही. प्रश्न फक्त एवढाच की तो हक्क कुणाच्या नावानं तयार झाला.

नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं, वेगळा करार नसेल तर. लग्नाचं शूट, प्रॉडक्ट शूट, कुणी सांगून पैसे देऊन करून घेतलेला व्हिडिओ हे वर सांगितलंच. आता गंमत बघा, लोगो किंवा कोड फ्रीलान्सरकडून करून घेतला असेल तर गाडी बरोबर उलटी धावते. माझ्या वहिनीनं तिच्या रेसिपी चॅनलचा लोगो एका पोराकडून तीन हजारात करून घेतला, तिला वाटतं पैसे दिले म्हणजे लोगो आपला. वापरायला हरकत नाही हो, पण त्या चित्राचा कॉपीराइट आपोआप तिच्याकडे येत नाही, तो त्या पोराकडून लेखी लिहून घ्यावा लागतो. ॲप, वेबसाइट बाहेरून करून घेणाऱ्या छोट्या धंदेवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

लिहून घेणं म्हणजे असाइनमेंट, कलम १८ आणि १९. ती लेखी हवी आणि देणाऱ्याची सही हवी. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे 'सर्व हक्क दिले' एवढंच लिहून सही घेतली आणि सहाव्या वर्षी अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळानं तुमचं नाटक मागितलं तर तेव्हा कळतं की आपल्या हातात काहीच नाही.

दिवाळी अंकात लिहिणाऱ्यांसाठी : कथा छापायला दिली म्हणजे कथा विकली असं होत नाही. काहीच लिहून दिलं नसेल तर हक्क तुमच्याकडेच राहतो आणि पुढं तुम्ही ती कथा पुस्तकात घ्या नाहीतर पॉडकास्टवर वाचा. फक्त मानधनाच्या पाकिटासोबत जो कागद सहीला येतो तो वाचून सही करा, तिथं बऱ्याच जणांची विकेट पडते.

कल्पना चोरली म्हणून कुणी चोर ठरत नाही

यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात आणि सगळ्यात जास्त तोंडघशी पडणंही. सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या निकालात सांगून ठेवलंय की कल्पना, विषय, कथाबीज यांवर कॉपीराइट नसतो, ते ज्या पद्धतीनं मांडलं त्या मांडणीवर असतो. वहिनीनं खपली गव्हाची खीर दाखवली आणि आठवड्यानं दुसऱ्या चॅनलनं तीच खीर त्याच साहित्यात केली, तर काही करता येत नाही. खीर कुणाच्या बापाची नाही. पण तिचा उकळत्या गुळाचा क्लोजअप उचलला, तिनं लिहिलेलं डिस्क्रिप्शन 'माझ्या आज्जीच्या हातची' या वाक्यासकट चिकटवलं, तिचा आवाज तसाच ठेवून वर नुसतं नवीन म्युझिक मारलं, तर ती चोरी.

आता उलट बाजू, म्हणजे तुम्ही काय वापरताय. मराठी चॅनलवाल्यांचा हमखास घोटाळा अभंगात होतो. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, साडेतीनशे वर्षांहून जुने, त्यावर कुणाचाही हक्क नाही. पण त्या अभंगाला चाल लावणारा संगीतकार गेल्या पन्नास-साठ वर्षांतला असेल तर चाल त्याची किंवा त्यानं ज्याला हक्क दिले त्याची, आणि जे रेकॉर्डिंग तुम्ही वारीच्या व्हिडिओमागं टाकलंय ते रेकॉर्ड कंपनीचं. एकाच गाण्याचे तीन थर, तिन्हींची मालकी वेगळी. तुम्ही स्वतः नवीन चालीत गायलात तर कुणी काही बोलू शकत नाही, फारतर शेजारी. ज्ञानेश्वरीचंही तसंच, मूळ ओव्या मोकळ्या, पण कुणी अलीकडे केलेला सुबोध अनुवाद त्या अनुवादकाचा.

पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या चॅनलनी एक हिशोब पाठ करावा. लेखक हयात असेपर्यंत, आणि तो गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. साने गुरुजी १९५० ला गेले, २०११ पासून त्यांचं लेखन खुलं. पु. ल. २००० ला गेले म्हणजे २०६० संपेपर्यंत नाही. फिल्म आणि साउंड रेकॉर्डिंगला प्रकाशनापासून ६० वर्षं मोजतात.

'३० सेकंदांपर्यंत चालतं' असा कुठलाही नियम नाही, कायद्यात शोधून दाखवा. 'क्रेडिट टू ओनर' लिहिल्यानं परवानगी मिळत नाही. कलम ५२ मध्ये सूट आहे ती खाजगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कामांसाठी, आणि तिथंही किती उचललं आणि त्यावर स्वतः काय बोललात हे बघितलं जातं. पूर्ण सिनेमा लावून कोपऱ्यात तोंड उघडं टाकून बसणं म्हणजे समीक्षा नव्हे. लग्नात, वरातीत गाणी वाजवायलाही याच कलमात सूट आहे (गोव्यात सरकारनं त्यावर सर्क्युलर काढलं होतं, ते हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं २०२४ मध्ये रद्द केलं, सूट मात्र कायद्यातच असल्यानं कायम आहे), पण ती वाजवण्यापुरती. त्याच वरातीचा व्हिडिओ गाण्यासकट यूट्यूबवर टाकलात तर ती सूट बरोबर येईल असं धरून चालू नका. आम्ही फोटोग्राफर लोक यात महिन्याला एकदा तरी अडकतो.

पुरावा गोळा करा, आणि तोही गुपचूप

चोरी दिसली की माणूस पहिली गोष्ट काय करतो? खाली कमेंट टाकतो, 'लाज वाटते का'. समोरचा दहा मिनिटांत पोस्ट उडवतो, तुम्हाला ब्लॉक करतो आणि आठवड्यानं दुसऱ्या नावानं परत टाकतो. म्हणून पहिला तासभर तोंड बंद.

त्या तासात काय करायचं? फोनचं किंवा लॅपटॉपचं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करा, आधी तारीख-वेळ दाखवा, मग ब्राउझर उघडून त्या पेजच्या मुख्य पानापासून सुरुवात करा, स्क्रोल करत त्या पोस्टपर्यंत जा, उघडा, पूर्ण चालवा, व्ह्यूज, लाइक, तारीख, डिस्क्रिप्शन सगळं दाखवा, मग चॅनलची माहिती, कधी सुरू झालं, संपर्काचा ईमेल. लिंक कॉपी करून वहीत किंवा शीटमध्ये लिहा, प्रत्येक पोस्टची वेगळी. साधं वेबपेज असेल तर त्याची लिंक वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) सेव्ह करून ठेवा, म्हणजे तिऱ्हाइताकडेही तारखेसह प्रत राहते.

मग आपल्या बाजूचा पुरावा. कॅमेऱ्याची रॉ फाइल, एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल, न वापरलेले क्लिप, कच्चा मसुदा. चोराकडे फायनल व्हिडिओ असतो, मागचे चाळीस फसलेले टेक नसतात, आणि मालकी सिद्ध करायला तेच उपयोगी पडतात. एक मोठी चूक मी स्वतः केली : जागा नाही म्हणून जत्रेच्या एका शूटच्या मूळ फाइल उडवल्या, म्हटलं व्हॉट्सॲपवर आहेत की. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली कॅमेरा, तारीख वगैरे आतली माहिती निघून जाते. उरतो एक पुसट, अनाथ फोटो. दोन हजाराची हार्ड डिस्क वाचवायला गेलो आणि पुरावाच घालवला.

आता जरा किचकट पण महत्त्वाचं. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा लागू आहे, भारतीय साक्ष अधिनियम २०२३. त्याच्या कलम ६३ खाली स्क्रीनशॉट, व्हिडिओ असा इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत एक प्रमाणपत्र लागतं, भाग अ देणाऱ्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. त्या नमुन्यात डिव्हाइसचा मेक, मॉडेल, सीरियल नंबर, आयएमईआय आणि चक्क रंगसुद्धा विचारलाय. हसू नका, ज्या फोननं पुरावा घेतला त्याचा हा तपशील आत्ताच लिहून ठेवा, कारण तीन वर्षांनी तो फोन एक्स्चेंजमध्ये गेलेला असतो. त्याच नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडायचं, इंग्रजीत गेट-फाइलहॅश (Get-FileHash) टाइप करून स्पेस द्यायची, फाइल ओढून त्यात सोडायची, एंटर. एसएचए-२५६ ची ६४ अक्षर-आकड्यांची ओळ येते. व्हिडिओचा एक क्षण जरी कापला तरी ती ओळ पार बदलते. ती ओळ स्वतःलाच ईमेल करून ठेवा, काम झालं.

हे प्रमाणपत्र नुसती औपचारिकता आहे असं वाटत असेल तर जालन्याची केस आठवा. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, समोर कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत भरले की नाही यावर वाद आणि पुरावा होता अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगचा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२० मध्ये कोर्टानं सांगितलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. तेव्हा ते जुन्या कायद्याचं कलम ६५ ब होतं, आताचं ६३ त्याचाच पुढचा अवतार.

एक मेसेज, शिवी न देता

निम्मी प्रकरणं इथंच मिटतात, निदान माझी तरी मिटलीत. बऱ्याच पेजवाल्यांना खरंच वाटतं की नेटवर आहे म्हणजे सार्वजनिक. मी असा मेसेज टाकतो :

"नमस्कार. तुमच्या पेजवर अमुक तारखेला टाकलेला व्हिडिओ (लिंक) मी शूट केलेला असून माझ्या चॅनलवर अमुक तारखेला आधीच प्रसिद्ध झालाय (लिंक). तुम्हाला वापरायची परवानगी दिलेली नाही. ४८ तासांत काढून तसं कळवावं. मूळ फाइल माझ्याकडे आहेत."

बस. 'पोलिसात देतो, दहा लाखांचा दावा लावतो' हे लिहू नका. कॉपीराइट ॲक्टच्या कलम ६० प्रमाणे पाया नसताना अशी कायदेशीर धमकी दिली तर समोरचाच तुमच्याविरुद्ध कोर्टात जाऊन नुकसानभरपाई मागू शकतो. आणि 'पाच हजार पाठव नाहीतर स्ट्राइक मारतो' (स्ट्राइक म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून चॅनलवर बसणारा ठपका) हे तर अजिबात नको. परवान्याचे पैसे जरूर मागा, पण धमकीच्या वाक्यात घालून नको, उद्या तो मेसेज खंडणीचा म्हणून फिरेल.

प्लॅटफॉर्मकडे तक्रार

४८ तासांत काही झालं नाही तर तक्रार. यूट्यूबला कॉपीराइटचा वेबफॉर्म आहे, इन्स्टा-फेसबुकला वेगळा. नुसतं तीन टिंबांवर जाऊन 'रिपोर्ट' दाबणं म्हणजे ही तक्रार नव्हे, मित्रमंडळातल्या पन्नास जणांना रिपोर्ट मारायला लावूनही इथं उपयोग नसतो. कॉपीराइटचा फॉर्मच भरायचा, आणि तो मालकानं किंवा मालकानं नेमलेल्या माणसानंच.

फॉर्ममध्ये 'या चॅनलवरचे सगळे व्हिडिओ माझे चोरलेत' असं लिहिलं की तक्रार परत येते. प्रत्येक व्हिडिओची लिंक द्या आणि कितव्या मिनिटाला तुमचा भाग आहे ते लिहा. असं का, तर प्लॅटफॉर्मला आयटी ॲक्टच्या कलम ७९ चं संरक्षण असतं, लोकांनी काय टाकलं याला तो सरसकट जबाबदार नसतो, त्याला नेमकी माहिती दिली की मग जबाबदारी येते. दिल्ली हायकोर्टानं २०१६ मध्ये मायस्पेस या गाणी-व्हिडिओ टाकायच्या साइटच्या प्रकरणात हेच धरलं, 'आमची गाणी तुमच्याकडे आहेत' असं मोघम म्हणून चालत नाही, कुठं आहेत ते दाखवा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, तुमचं नाव समोरच्याला कळू शकतं. बायका-मुलींना यात पुढं त्रास होऊ शकतो, तेव्हा वेगळा ईमेल ठेवा, शक्य असेल तर वकिलामार्फत तक्रार करा. दोन, खोटी तक्रार केली तर तुमचंच अकाउंट गोत्यात येतं.

यूट्यूबवर 'कॉपीराइट मॅच' नावाचं टूल आहे, ज्यांना ते मिळतं त्यांना पूर्ण किंवा जवळपास पूर्ण उचललेले व्हिडिओ ते आपोआप दाखवतं. पण त्यासाठी पहिला अपलोड तुमचा असावा लागतो. म्हणून एडिट झालेला व्हिडिओ आधी स्वतःच्या चॅनलवर, मग गावच्या ग्रुपवर. उलटा क्रम कराल तर गावातलंच कुणीतरी तुमच्या आधी चढवतं, अनुभव आहे.

भारतीय वेबसाइट, न्यूज पोर्टल वगैरे असेल तर कॉपीराइट रूल्स २०१३ चा नियम ७५ आहे. लेखी तक्रार गेली की मध्यस्थ प्लॅटफॉर्मनं ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा, २१ दिवसांपर्यंत. वाचायला झकास वाटतं ना? पण नेटवरून उतरवलेल्या फॉरमॅटमध्ये खाली एक ओळ असते ती लोक वाचतच नाहीत : मी सक्षम कोर्टात दावा लावीन आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणून देईन, अशी हमी. आदेश आणला नाही तर मजकूर परत चालू होऊ शकतो. कोर्टात जायची खरंच तयारी असेल तरच ही वाट धरा.

प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्यानं हात वर केले तर २०२३ पासून केंद्र सरकारची तक्रार अपील समिती आहे, ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं.

उलटं झालं, स्ट्राइक तुमच्यावरच आला तर

आधी क्लेम आणि स्ट्राइक यातला फरक बघा, घाबरण्याआधी. कंटेंट आयडीचा (यूट्यूबची आपोआप ओळखणारी यंत्रणा) क्लेम म्हणजे मशीननं गाणं ओळखलं, बहुतेक वेळा तुमच्या व्हिडिओचे जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात, चॅनलला धोका नाही. स्ट्राइक म्हणजे कुणीतरी रीतसर तक्रार केली आणि व्हिडिओ उतरला. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल जाऊ शकतं.

व्हिडिओ घाईघाईनं डिलीट करू नका, डिलीट केल्यानं स्ट्राइक जात नाही. तीन वाटा आहेत : ९० दिवस थांबणं, तक्रारदाराला गाठून तक्रार मागं घ्यायला लावणं, किंवा काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे तक्रार चुकीची आहे असं यूट्यूबला रीतसर लिहून देणं. काउंटर टाकलं की समोरच्याला अमेरिकेच्या हिशोबानं कामकाजाचे १० दिवस मिळतात, तेवढ्यात त्यानं कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. पण त्यात तुमचं खरं नाव-पत्ता त्याच्याकडे जातो आणि तुम्ही एका कायदेशीर निवेदनावर सही करत असता, म्हणून रागाच्या भरात नको. माझ्यावर एकदा स्ट्राइक आला तो माझ्याच ड्रोन शॉटवरून. एका पोर्टलनं माझा शॉट उचलून बातमीत घातला होता आणि नंतर त्याच बातमीच्या जोरावर माझ्यावर तक्रार. मूळ फाइल होती, काउंटर टाकलं, दोन आठवड्यांत व्हिडिओ परत. फाइल उडवल्या असत्या तर बसलो असतो बोंबलत.

चॅनलचं नाव

नावावर कॉपीराइट नसतो, त्यासाठी ट्रेडमार्क. एकट्या माणसाला, स्टार्टअपला, छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी प्रत्येक क्लासला (म्हणजे माल किंवा सेवेच्या वर्गाला) ४५०० रुपये, इतरांना ९०००. चॅनल, शिकवणी, मनोरंजन यासाठी क्लास ४१, मसाले विकत असाल तर क्लास ३०. अर्ज घरबसल्या होतो. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुख्य ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे पण तिथं जायची गरज नाही. आधी त्यांच्या साइटवर फुकट सर्च करा. तपासणी अहवालात हरकत आली तर महिन्याभरात उत्तर द्यायचं असतं, पुष्कळ अर्ज इथंच मरतात कारण ईमेल कुणी बघतच नाही. मग जर्नलमध्ये छापतात, चार महिने कुणालाही विरोध करता येतो. मिळालं की १० वर्षं, पुढं नूतनीकरण.

'मराठी रेसिपी', 'अस्सल मालवणी थाळी' असली नुसती वर्णन करणारी नावं सहसा मिळत नाहीत, आणि कोल्हापुरी चपलेसारख्या नावाला तर २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, ते एका दुकानाचं होत नाही. अर्ज केल्यावर नावापुढं टीएम लावा, गोलातला आर मात्र नोंदणी हातात आल्यावरच, आधी लावणं बेकायदेशीर आहे.

आवाज, चेहरा आणि एआय

हे नवं दुखणं. वहिनीच्या आवाजात कुणीतरी वजन कमी करायच्या पावडरीची जाहिरात केली, तिनं आयुष्यात न म्हटलेली वाक्यं तिच्याच आवाजात, 'बरं का मैत्रिणींनो' या तिच्या पालुपदासकट. यात कॉपीराइट थेट लागत नाही कारण कुठलं रेकॉर्डिंग जसंच्या तसं उचललेलं नसतं. पण कोर्टं व्यक्तिमत्त्वाचा हक्क मानायला लागलीत. मुंबई हायकोर्टानं जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करण्याविरुद्ध आदेश दिला आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूनंही. ती मोठी माणसं झाली, आपल्याकडे एवढं नाव नाही. आपल्या कामाचा रस्ता म्हणजे आयटी रूल्स २०२१ : दुसऱ्याच्या रूपात वावरणं, मॉर्फ केलेला फोटो-व्हिडिओ यासाठी प्लॅटफॉर्मला झटपट कारवाईचं वेगळं बंधन आहे. तेव्हा अशी तक्रार कॉपीराइटच्या फॉर्मात न टाकता 'इम्पर्सोनेशन'च्या फॉर्मात टाका. वहिनीची आधी चुकीच्या फॉर्मात गेली, चार दिवस गेले, बरोबर फॉर्मात टाकल्यावर दुसऱ्या दिवशी जाहिरात गायब. कुणी त्या जाहिरातीला भुलून पैसे गमावले असतील तर त्यांना लगेच १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करायला सांगा.

तुमचं लेखन घेऊन एआयला शिकवलं तर काय? त्यावर एएनआय (वृत्तसंस्था) विरुद्ध ओपनएआय (चॅटजीपीटीवाली कंपनी) ही केस नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात दाखल झालीय. आणि तुम्हीच एआयकडून चित्र काढून घेतलं तर ते तुमचं का, यावर कॉपीराइट ऑफिसचीच धांदल झाली होती, २०२० मध्ये 'राघव' नावाच्या एआयला एका चित्राचा सहलेखक म्हणून नोंदलं आणि पुढच्या वर्षी ती नोंद मागं घेण्याची नोटीस काढली. मी थंबनेलमध्ये एआय वापरतो, पण लोगोत वापरत नाही.

कोर्ट आणि पोलीस

कॉपीराइट ॲक्टच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेली चोरी हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, आणि सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये निट प्रो निकालात तो दखलपात्र, अजामीनपात्र धरलाय. चौकीत मात्र 'हे सिव्हिल मॅटर आहे' ऐकायची तयारी ठेवा. माझं स्पष्ट मत, एका रीलसाठी पोलिसात जाऊ नका, कुणी तुमचा अख्खा पेड कोर्स टेलिग्रामवर विकत असेल तर जरूर जा.

दिवाणी दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा कोर्टात लावता येतो, म्हणजे चोर गुरगावचा असला तरी तुम्ही सांगलीत. तीन लाख किंवा जास्तीचा मामला कमर्शियल कोर्टात, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची. मुदत तीन वर्षं. ठरलेली अशी भरपाईची रक्कम कायद्यात नाही, नुकसान तुम्हाला दाखवावं लागतं, म्हणून परवाना देऊन फोटो विकल्याची दोनचार बिलं फाइलला असावीत.

कोर्टापर्यंत जायची शक्यता असेल तर नोंदणी करून ठेवा, नोंदणीतला तपशील कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरतात. कॉपीराइट ऑफिसच्या साइटवर फॉर्म चौदा, लेख, कविता, सॉफ्टवेअर किंवा चित्राला ५०० रुपये, मालावर वापरायच्या चित्राला २०००, साउंड रेकॉर्डिंगला २०००, फिल्मला ५०००. अर्ज केल्यावर डायरी नंबर मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यायची, काळी पट्टी न मारता. प्रत्येक व्हिडिओ नोंदवत बसायची गरज नाही, जे खरंच विकलं जातं तेवढंच.

व्हॉट्सॲपवर नाव उडवून फिरणाऱ्या कवितांचं काय, असं खूपजण विचारतात. कलम ५७ प्रमाणे कवीला स्वतःचं नाव लावून घ्यायचा हक्क आहे, हक्क विकले तरी तो राहतो. पण 'फॉरवर्डेड ॲज रिसिव्ह्ड'वाल्या काकांवर दावा कोण लावणार. कवितेच्या पोटातच कुठंतरी स्वतःचं नाव गुंफा, संतांनी 'तुका म्हणे' उगाच नाही लावलं.

राहता राहिला तो मिरजेचा फ्लेक्स. मी नवरीच्या वडिलांना फोन केला, त्यांनी डेकोरेशनवाल्याला केला, संध्याकाळी फ्लेक्स उतरला. त्या महिन्यातच मी कोटेशनच्या कागदावर शेवटी एक ओळ छापून घेतली : 'फोटो व व्हिडिओचे कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहतील, ग्राहकास वैयक्तिक वापराचा कायमचा हक्क राहील, ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय फोटोग्राफर ते प्रसिद्ध करणार नाही', आणि खाली दोघांच्या सह्या. आतापर्यंत चौघांनी ती ओळ वाचून विचारलं हे काय म्हणून, समजावल्यावर तिघांनी सही केली. चौथ्यानं पेन काढून ओळ खोडली. त्याच्या लग्नाची हार्ड डिस्क त्याला देऊन टाकली.